समुद्रगाईचा राखणदार कोण?

आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात निसर्गरक्षणावरचा एखादा तरी लेख दरवर्षी असतोच. त्यात वाघ असतो, माळढोक असतो, तोडलेली झाडे असतात आणि शेवटी ‘आता तरी आपण जागे झाले पाहिजे’ असा उपदेश असतो. समुद्र मात्र बहुधा नसतो. ज्या महाविद्यालयाच्या गच्चीवरून समुद्र दिसतो आणि ज्याचे निम्मे विद्यार्थी किनाऱ्यावरच्या वाड्यांतून येतात, तेथे असे व्हावे याचे मला नवल वाटते. मी मच्छीमाराच्या घरातली आहे. वडील होडीवर जातात, आई बाजारात मासळी विकते. तेव्हा यंदा समुद्राविषयी लिहावे असे मी ठरवले.

त्यासाठी जो प्राणी मी निवडला आहे तो आपल्या किनाऱ्यावरचा नाही. तो भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्क उपसागरात व त्याच्या दक्षिणेला मन्नारच्या आखातात राहतो. शास्त्रज्ञ त्याला डुगाँग म्हणतात. तमिळ मच्छीमार त्याला ‘आवुलिया’ म्हणतात किंवा ‘कडल पसू’ म्हणतात, म्हणजे समुद्रगाय. या समुद्रगाईच्या रक्षणासाठी गेल्या काही वर्षांत तमिळनाडूत जे प्रयत्न चालले आहेत, त्यांतून एक प्रश्न उभा राहतो. समुद्राची राखण कोणी करायची? सरकारने, शास्त्रज्ञांनी, की ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांनी? माझे उत्तर मी आरंभीच सांगून टाकते. समुद्रगाय वाचवणे मच्छीमाराच्याच हातात आहे. आणि ज्याच्या हातात ते आहे त्याला निर्णयाच्या बैठकीत खुर्ची नसेल, तर बाकीचे सारे कागदोपत्री राहील.

प्रथम या प्राण्याची ओळख करून देते. समुद्रगाय हा मासा नव्हे. ती सस्तन आहे, पिलाला अंगावर पाजते आणि नात्याने देवमाशापेक्षा हत्तीला जवळची आहे. लांबी सुमारे तीन मीटर, वजन चारशे किलोच्या आसपास. समुद्रात राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत केवळ वनस्पतींवर जगणारे फार थोडे. त्यांतली ही एक. दिवसाकाठी तीस ते चाळीस किलो समुद्री गवत तिला लागते. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. शेवाळाला मुळे नसतात, फुले येत नाहीत. समुद्री गवताला मात्र खरी मुळे असतात, पाने असतात, पाण्याखाली फुले येतात आणि बी धरते. उथळ, स्वच्छ, ऊन पोचणाऱ्या पाण्यात त्याची कुरणेच्या कुरणे पसरलेली असतात. समुद्रगाय ते मुळासकट उपटून खाते. ती चरून गेली की तळाच्या रेतीत नांगराच्या तासासारखी एक लांब रेघ उमटते. शास्त्रज्ञ ती आहे की नाही हे अनेकदा या रेघेवरूनच ओळखतात.

पाल्क उपसागर फार उथळ आहे. त्याची सरासरी खोली दहा मीटरसुद्धा नाही. त्यामुळे तेथे ही कुरणे चांगली माजतात. आता कोणी म्हणेल, पाण्याखालच्या गवताशी माणसाचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. कोळंबी, खेकडे, माकूल आणि कितीतरी माशांची पिले याच गवतात लहानाची मोठी होतात. मासेमारीच्या जाळ्यात जे येते त्याचे पाळणाघर म्हणजे हे गवत. शिवाय गवताची मुळे तळाचा गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर कमी करतात आणि हवेतला कार्बन मातीत साठवतात. तात्पर्य, समुद्रगाईचे कुरण आणि मच्छीमाराचे शेत एकच आहे. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे, आणि तिच्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

भारतात समुद्रगाई आता तीनच ठिकाणी उरल्या आहेत. कच्छच्या आखातात अगदी थोड्या, अंदमान-निकोबारला थोड्या आणि बहुतेक तमिळनाडूच्या या किनाऱ्यावर. साऱ्या मिळून दोनशे ते अडीचशे असाव्यात असा अंदाज आहे. हा आकडा किती धोक्याचा आहे हे कळण्यासाठी जरा हिशेब मांडावा लागतो. समुद्रगाय सत्तर वर्षांपर्यंत जगू शकते. पण तिची पहिली वीण व्हायला बहुधा दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. गर्भ वर्षाहून अधिक काळ पोटात राहतो, एका वेळी एकच पिलू होते आणि दोन वितांमध्ये तीन ते सात वर्षांचे अंतर असते. समजा, दोनशे जनावरांत विणारी मादी साठ आहेत आणि प्रत्येकीला पाच वर्षांनी एक पिलू होते. म्हणजे साऱ्या वर्षात बारा पिले. त्यातली काही दगावणार, आणि म्हाताऱ्या माद्याही मरणार. अशा स्थितीत वर्षाकाठी पाच-सहा जनावरे जरी माणसाच्या हातून गेली, तरी कळप वाढायचा थांबतो आणि पुढे उतरणीला लागतो. येथे कत्तल व्हायची गरजच नाही. अधूनमधून एखादे जनावर गेले तरी पुरते.

याची साक्ष इतिहासात आहे. समुद्रगाईची एक अवाढव्य बहीण उत्तरेकडच्या बेरिंग समुद्रात होती. जॉर्ज स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने १७४१ साली तिची नोंद केली आणि म्हणून ती स्टेलरची समुद्रगाय म्हणून ओळखली जाते. खलाशांनी मांसासाठी तिची एवढी शिकार केली की १७६८ पर्यंत ती जगातून नाहीशी झाली. नोंद झाल्यापासून अवघी सत्तावीस वर्षे.

दुसरी साक्ष अगदी अलीकडची आहे. चीनने डुगाँगला १९८८ पासून सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले होते. १९९२ साली हेपू येथे खास त्याच्यासाठी राष्ट्रीय पातळीचे राखीव क्षेत्र जाहीर केले होते. आणि २०२२ साली शास्त्रज्ञांना जाहीर करावे लागले की चीनच्या समुद्रातला डुगाँग व्यवहारत: संपला आहे. हा निष्कर्ष त्यांनी कसा काढला हे फार बोलके आहे. त्यांनी चार प्रांतांतील ६६ मच्छीमार वस्त्यांमध्ये जाऊन ७८८ माणसांना विचारले, ‘तुम्ही हा प्राणी शेवटचा कधी पाहिला?’ बहुतेकांनी तो पाहिलाच नव्हता. आणि ज्यांनी पाहिला होता त्यांच्या उत्तरांची सरासरी निघाली तेवीस वर्षे. कायदा होता, राखीव क्षेत्र होते, आणि जनावर मात्र नव्हते. ते गेल्याची खात्री करून घ्यायलाही अखेर मच्छीमाराकडेच जावे लागले. मला वाटते, हे विचारायला ते तीस वर्षे आधी गेले असते तर बरे झाले असते.

आता आपल्या देशाकडे वळू. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत डुगाँग आहे; म्हणजे वाघाला जेवढे संरक्षण तेवढेच त्याला. त्याला मारणाऱ्यास किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. एके काळी या किनाऱ्यावर त्याचे मांस उघडपणे विकले व खाल्ले जात असे. कायद्याने त्याला आळा बसला हे मान्य केले पाहिजे. मी कायद्याच्या विरुद्ध नाही. परंतु आज समुद्रगाय मरते ती बहुधा भाल्याने नव्हे, जाळ्याने. आणि तेथे कायद्याचा हात पोचत नाही.

ते कसे घडते पाहा. समुद्रगाईला फुप्फुसे आहेत. दर काही मिनिटांनी तिला श्वास घ्यायला वर यावेच लागते. मच्छीमार संध्याकाळी जाळे मांडतो आणि पहाटे ओढतो. रात्री चरायला आलेली समुद्रगाय त्यात अडकली तर गुदमरून मरते. पहाटे तांडेलाच्या समोर चारशे किलोचे मृत जनावर येते. त्याने काय करावे? वनखात्याला कळवावे, तर चौकशी, जबाब आणि कदाचित खटला. मुद्दाम मारले नाही हे पटवून देण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, ही भीती. न कळवता दगड बांधून बुडवले, किंवा वाटे घालून गुपचूप विकले, तर कोणालाच काही कळत नाही. आणि जनावर जिवंत असले तर? तर ते सोडवायला जाळे कापावे लागते. मोठ्या जाळ्याची किंमत म्हणजे अनेक महिन्यांची कमाई. ज्यांनी जाळ्याचे हप्ते भरलेले पाहिले आहेत त्यांना त्या सुरीच्या एका फटक्याची किंमत समजेल.

त्या पहाटे त्या होडीवर वनरक्षक नसतो, शास्त्रज्ञ नसतो, वर्तमानपत्राचा बातमीदार नसतो. असतात ते तीन-चार खलाशी. समुद्रगाय जगणार की मरणार याचा निवाडा त्या चौघांच्या मनात होतो. म्हणूनच मी म्हणते की तिचा राखणदार सरकार होऊच शकत नाही. कोकणात आपण गावाच्या वेशीवर राखणदार मानतो. तो अदृश्य असला तरी गावातलाच असतो, बाहेरून नेमलेला नसतो.

मन्नारच्या आखातात १९८६ साली एकवीस बेटांभोवती सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. हेतू उत्तम होता. परंतु राष्ट्रीय उद्यान ही कल्पना जंगलावरून आली. कुंपण घालावे आणि माणसे बाहेर काढावीत अशी. त्या बेटांच्या आसपास गावोगावच्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या पाण्यात बुड्या मारून समुद्रशेवाळ गोळा करत आल्या होत्या. हे शेवाळ औद्योगिक उपयोगाचे, आणि त्यावर त्यांचे घर चाले. उद्यानाच्या सीमा कडक झाल्या तेव्हा याच बायका एकाएकी अतिक्रमण करणाऱ्या ठरल्या. येथे त्यांनी जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी संघटना केली आणि आपले नियम आपणच घातले. महिन्यातून ठरावीक बाराच दिवस शेवाळ काढायचे, धातूची खरवडणी वापरायची नाही, हातानेच खुडायचे, म्हणजे मूळ शिल्लक राहते. त्यांच्या पुढारी चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली अमेरिकेतल्या सीकॉलॉजी या संस्थेचा पुरस्कार मिळाला. ज्या स्त्रीला नकाशाने गुन्हेगार ठरवले होते, तिचाच गौरव जगाने निसर्गरक्षक म्हणून केला. माझ्या आईसारखीच हातावर पोट असलेली ती स्त्री. शहाणपण वातानुकूलित सभागृहातच जन्मते असे ज्यांना वाटते, त्यांनी याचा विचार करावा.

सुदैवाने पाल्क उपसागरात वेगळी वाट धरली गेली. २१ सप्टेंबर २०२२ रोजी तमिळनाडू सरकारने तंजावर व पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. भारतातले अशा प्रकारचे हे पहिलेच. ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात आला. राष्ट्रीय उद्यानासारखी येथे माणसे बाहेर काढली जात नाहीत. जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो, आणि कारभारासाठी एक समिती असते. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ पासून डुगाँगसाठी जे काम चालवले आहे त्यात मच्छीमारांना स्वयंसेवक म्हणून जोडून घेतले आहे. समुद्रगाय दिसली, अडकली, सोडली, की ते कळवतात. मच्छीमारांच्या मुलांना त्यातून शिष्यवृत्त्या मिळतात. जाळे कापून समुद्रगाय परत सोडल्याच्या बातम्या आता अधूनमधून येतात. आणि माझ्या मते त्या प्रत्येक बातमीचे मोल एखाद्या परिसंवादाहून अधिक आहे. तंजावरच्या किनाऱ्यावर बालाजी वेदराजन यांच्या ओम्कार या संस्थेने उजाड झालेल्या तळावर बांबूच्या चौकटी आणि काथ्याच्या दोऱ्या वापरून समुद्री गवताची लावणी केली आहे. भाताच्या रोपाची लावणी आपण पाहतो. ही पाण्याखालची लावणी.

इतके सगळे असूनही माझे समाधान का होत नाही? कारण त्या समितीची रचना मी वाचली. कायद्याने ती पुढीलप्रमाणे सांगितली आहे: वनखात्याचा एक प्रतिनिधी, तो सदस्य सचिव; हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी; वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघे; आणि शेतकी खाते व पशुसंवर्धन खाते यांचा प्रत्येकी एक. वाचकहो, ४४८ चौरस किलोमीटर समुद्राच्या समितीत शेतकी खाते आहे, पशुसंवर्धन खाते आहे. मत्स्यव्यवसाय खात्याचे नाव मात्र नाही आणि मच्छीमारांच्या संघटनेचेही नाही! हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जंगल होते, जमीन होती, समुद्र नव्हताच. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो, हे खरे. पण किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीत शेतकरीही असतात, दुकानदारही असतात. दर्यावर जाणारा माणूसच तेथे निवडला जाईल असे नाही. तमिळ किनाऱ्यावर अनेक मच्छीमार गावांना स्वत:ची परंपरागत पंचायत असते आणि समुद्रावरचे तंटे तीच मिटवते. कायद्याला तिची ओळख नाही. शिवाय या समितीचे काम काय, तर मुख्य वन्यजीव रक्षकाला सल्ला देणे. निर्णय अन्यत्र व्हायचे.

स्वयंसेवक म्हणून मच्छीमार हवा, बातमी द्यायला हवा, छायाचित्रात हवा. मालक म्हणून नको. याला लोकसहभाग म्हणायचे असेल तर म्हणावे, पण माझ्या मते ही फुकटची चाकरी आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातील ते मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, ज्यांनी काल या प्राण्याचे मांस खाल्ले त्यांच्याच हाती आज त्याला कसे सोपवायचे? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात तसेच हे नाही का? याला उत्तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. वेळासच्या किनाऱ्यावर पूर्वी कासवांची अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आज त्याच गावात कासवांची पिले समुद्रात सोडण्याचा महोत्सव होतो आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात. अंडी कोठे असतात हे ज्यांना ठाऊक, तेच ती उत्तम राखू शकतात. समुद्रगाय कोठे चरते, कोणत्या वाऱ्याला किनाऱ्याशी येते, हे तिची शिकार करणाऱ्याच्या नातवाइतके दुसरे कोणाला ठाऊक असणार?

अर्थात वेळासची तुलना मर्यादेतच घ्यावी. कासव अंडी घालायला वाळूवर येते, ठरावीक दिवसांनी पिले निघतात, लोक बघायला येतात. समुद्रगाय कधीच किनाऱ्यावर येत नाही, गढूळ पाण्यात दिसत नाही, तिचा महोत्सव भरवता येत नाही. म्हणजे तेथे पर्यटनाच्या पैशावर विसंबून चालणार नाही. तेथे लाभ दाखवायचा तो कुरणाचाच. गवत राहिले तर खेकडा राहील, कोळंबी राहील.

आणि येथेच दुसरा, अधिक अवघड आक्षेप येतो. ‘मच्छीमार’ म्हणजे कोण? मच्छीमार समाज एकसंध आहे असे मानणे हा भाबडेपणा आहे. पाल्क उपसागरात लहान होड्यावाले आहेत आणि ट्रॉलरवालेही आहेत. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. त्याच्या वाटेत समुद्री गवत आले की ते मुळासकट निघते, आणि समुद्रगाईसारखे तास पाडून थांबत नाही, सारे रानच उजाड करते. लहान मच्छीमाराचे जाळेही समुद्रगाईला अडकवते, हे मी वर सांगितलेच आहे. त्याला निष्पाप ठरवण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्याच्या हातून चुकून एखादे जनावर जाते. ट्रॉलर त्या जनावराचे ताटच ओढून नेतो. समुद्रगाय आणि होडीवाला यांचा वैरी एकच आहे. म्हणूनच त्यांची युती होऊ शकते. ती दयेवर नव्हे, हितसंबंधावर उभी राहील, आणि हितसंबंधावर उभी राहिलेली युती टिकते असे अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी मानते.

या भांडणावर तेथे एक देशी तोडगा जुना आहे. आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलरनी जायचे आणि चार दिवस होड्यांनी. संघर्षातून निघालेला हा नियम अजून सांगितला जातो. १९८३ च्या तमिळनाडूच्या कायद्याने किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत ट्रॉलरना मज्जावही आहे. नियम आहेत; पाळले जातात किती, हा प्रश्न आहे. २०१७ साली पाल्क उपसागरातले दोन हजार ट्रॉलर हटवून त्यांच्या मालकांना खोल समुद्रात कुपा पकडायच्या बोटी देण्याची योजना आखली गेली. त्यातले फारच थोडे ट्रॉलर प्रत्यक्ष बदलले. त्याच वर्षी श्रीलंकेने तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. तरी आपल्या बाजूचे ट्रॉलर सीमा ओलांडतात, पकडले जातात, आणि मग वर्तमानपत्रांत तेवढीच बातमी येते. अटक झालेला खलाशी गरीबच असतो, मालक घरी असतो. त्या बातमीच्या खाली, पाण्याच्या तळाशी, गवताचे काय झाले हे कोणी छापत नाही.

हे सारे वाचताना मला आपलाच किनारा दिसत होता. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि अनेक वर्षे ते मुख्यत: कागदावरच राहिले. आमच्या वाडीतले एक म्हातारे तांडेल आजही विचारतात, “आमका इचारल्याशिवाय आमच्या दर्याची राखण तुमी कशी करतलात?” बाहेरच्यांना हा आडमुठेपणा वाटतो. मला यात एक राज्यशास्त्रीय सिद्धान्त दिसतो. हेच लोक रापण ओढताना एकत्र येतात, वाटे घालतात, त्यात म्हाताऱ्याचा आणि विधवेचाही विचार करतात. पर्ससीनविरुद्ध याच पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि ५ फेब्रुवारी २०१६ रोजी महाराष्ट्र सरकारला पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढावा लागला. ‘मासळी संपेल’ असे ते ओरडत होते तेव्हा ते निसर्गरक्षणच करत होते. फक्त त्यांच्या भाषेत त्याला वेगळे नाव होते.

आपल्या राज्याची एक गोष्ट मात्र तमिळनाडूनेच काय, साऱ्या देशाने घ्यावी अशी आहे. कासव किंवा तत्सम संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर नुकसानभरपाई म्हणून पंचवीस हजार रुपयांपर्यंत देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ साली सुरू केली. रक्कम मोठी नाही. परंतु तिच्यामागचे तत्त्व मोठे आहे. प्राणी साऱ्या देशाचा, तर त्याला सोडवण्याचा खर्च एकट्या तांडेलाने का सोसावा?

शेवटी एका योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. समुद्रगाईंचे हे क्षेत्र तंजावरच्या किनाऱ्याला लागून आहे. जेथे व्यंकोजीराजांच्या वंशजांनी पावणेदोनशे वर्षे राज्य केले तेच हे तंजावर. त्या किनाऱ्यावर सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास एक आठ मजली बुरूज बांधला. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाचे ते स्मारक. त्याला आजही तमिळ लोक ‘मनोरा’ म्हणतात, आपलाच शब्द. या मनोऱ्याजवळ आता तमिळनाडू सरकार कोट्यवधी रुपये खर्चून आंतरराष्ट्रीय डुगाँग संवर्धन केंद्र उभारणार आहे. केंद्र जरूर व्हावे. परंतु दूरच्या कोणाच्या तरी विजयाचे स्मारक त्या किनाऱ्यावर एकदा झाले आहे. तेथे दुसरे स्मारक होऊ नये, आणि तेही समुद्रगाईचे.

ते टाळायचे असेल तर इमारतीआधी काही साध्या गोष्टी व्हाव्यात. राखीव क्षेत्राच्या समितीत मच्छीमार संघटनांना, आणि त्यातही स्त्रियांना, जागा द्याव्यात. मत्स्यव्यवसाय खात्याला तेथे बसवावे. आणि समितीचा सल्ला का मानला नाही याचे लेखी कारण देण्याचे बंधन घालावे. समुद्रगाय चुकून जाळ्यात मेली आणि मच्छीमाराने स्वत: होऊन कळवले, तर त्याला गुन्हेगार न मानता साक्षीदार मानावे. कापलेल्या जाळ्याची पुरी किंमत पुढच्या हंगामाची वाट न पाहता हाती पडावी. गवताच्या कुरणांची मोजणी आणि पाहणी मच्छीमारांच्या मुलामुलींकडे पगारी काम म्हणून द्यावी. आणि तीन मैलांचा नियम खरोखर पाळला जावा. यांतल्या एकाही गोष्टीला नव्या शोधाची गरज नाही.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. प्राणिशास्त्र आपला विषय नाही, म्हणून असल्या प्रश्नांपासून आपण लांब राहतो. पण मला तर दिसते की समुद्रगाईचा प्रश्न प्राणिशास्त्राचा थोडा आणि आपल्या विषयांचाच अधिक आहे. कायदा कोणासाठी लिहिला, समितीत कोण बसले, नुकसान कोणी सोसले, हे प्रश्न इतिहासाचे, अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे आहेत. पुढच्या वर्षीच्या अंकात निसर्गावर जो कोणी लिहील त्याला माझी एकच विनंती आहे. ‘आपण सर्वांनी जागे झाले पाहिजे’ असे लिहिण्यापूर्वी, पहाटे कोण जागा असतो हे एकदा बंदरावर जाऊन पाहावे.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)